बॅगेच्या मागोमाग

माणसाच्या आधी त्याची बॅग परदेशात पोचली, तिथं तिनं चहा घेतला, पत्ते खेळले आणि वर चार लोकांत नावही कमावलं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बँकेच्या पद्धतीनं, शांतपणे, बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण ही बॅग माझीच आहे. निळी, एका बाजूची चेन अडकणारी, निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेली. त्यामुळे ही हकिकत मला मान खाली घालून सांगावी लागते आहे.

सुरुवात झाली जबलपूरच्या खमरियाला, नीलकंठच्या ओट्यावर. तिथं आमचा मेंढीकोटाचा अड्डा आहे. नीलकंठ फॅक्टरीतून रिटायर झाला. आयुष्यभर दारूगोळ्याशेजारी बसून डबा खाल्लेला हा माणूस मांजर आडवं गेलं की मात्र स्कूटर बंद करून उभा राहतो. दुसरा गौतम, कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि गाडी त्याची. तिसरे भय्यासाहेब, सगळ्यांत वडील, कंत्राटदारी करून थकलेले आणि बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. आणि चौथा मी.

हे 'चौथा' प्रकरण जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या जागी आधी तुळशीराम बसायचा. तो मुलाकडे रायपूरला गेला आणि डाव बंद पडला. मेंढीकोट तिघांत होत नाही. शोधता शोधता कोणाला तरी कळलं, की मदनमहालला एक रिटायर बँकवाले मराठी गृहस्थ एकटेच असतात. एकटेच, कारण आमची अर्चना मुलीकडे पुण्याला गेली ती नातू चालायला लागेपर्यंत. नातू आता सायकल चालवतो. तर मला बोलावणं आलं, मी गेलो आणि बसलो. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा मी ऑटोनं शहराचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जातो. पण ते तिघं आपसात अबे-तुबे करतात, शिव्या देतात, एकमेकांच्या ताटातलं उचलून खातात. मला मात्र 'या प्रल्हादजी', 'बसा प्रल्हादजी', 'तुमची उतारी, प्रल्हादजी'. हुकमाचा एक्का वाया घालवला तरी कोणी खेकसत नाही. ही माणसं माझे मित्र आहेत की त्यांना फक्त चौथा हात हवा होता, हे कुसळ माझ्या मनात रुतून बसलं होतं. आणि हे विचारायचं कसं? साठी उलटलेला माणूस तीन म्हाताऱ्यांना विचारणार का, की तुम्ही माझे मित्र आहात काय म्हणून?

म्हणून गौतमनं जेव्हा 'गाडीनं नेपाळ करू, चौघं' असं म्हटलं, तेव्हा मी 'चौघं' हा शब्द घट्ट धरला. पत्त्यांना चार लागतात, मान्य. प्रवासाला काही चार लागत नाहीत.

मग तयारी. परदेश म्हटल्यावर मी आधी सिविल लाइंसला एका ऑफिसात गेलो आणि विचारलं, की रिटायर कर्मचाऱ्याला देशाबाहेर जायला परवानगी लागते का? टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "अंकल, आप जाइए ना, किसने रोका है?" मी म्हणालो, "बस, यही लिख के दे दीजिए." त्यांनी मला शेजारच्या टेबलाकडे पाठवलं, शेजारच्यानं वरच्या मजल्यावर आणि वरच्या साहेबांनी पुन्हा त्याच बाईंकडे. शेवटी त्यांनी मला पाणी पाजलं आणि हात जोडले. माझ्या नोकरीत मी असंच कित्येकांना फिरवलं असल्यामुळे मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

कॉलनीनं सल्ले दिले ते वेगळेच. कोणी म्हणालं, थंडी हाडात शिरते, दोन स्वेटर न्या. कोणी म्हणालं, तिथं घड्याळ पाव तास पुढे असतं, म्हणून हात धुऊन लगेच जेवायला बसा. शेजारच्या पुष्पाताईंनी रुद्राक्ष आणायला सांगितला, त्यांच्या जावेनं दोन, आणि समोरच्या गुप्ताजींनी चक्क घोंगडं. मी सगळ्यांना हो म्हणालो, दूध बंद केलं, पेपर बंद केला. इतकी माणसं एकदम माझ्या दारात मी हे घर घेतल्यापासून आली नव्हती. मला ते फार बरं वाटलं, उगाच का लपवू.

आणि मग नीलकंठनं पंचांग उघडलं.

"शनिवारी पूर्वेले दिशाशूल हाये," तो म्हणाला. "त्या दिशेले निघणं जमत नाही."

गौतमची कॉलेजची सुट्टी शनिवारीच सुरू होत होती. तो म्हणाला, "अबे, मग काय रविवारची वाट पाहत बसू? अर्धी सुट्टी तिथंच संपते."

"प्रस्थान ठेवू न मग! गुरुवार चांगला हाये. गुरुवारी आपापल्या बॅगा माझ्या घरी आणून ठेवा. खमरिया पूर्वेलेच हाये, रस्त्यावरच हाये. बॅग गेली म्हणजे माणूस गेला. मग शनिवारी निघा का कधी निघा, शास्त्रानं आपण गुरुवारीच निघालो."

मला ही कल्पना एकदम पटली. आमच्या आजोबांच्या काळी असंच करत, हे मी ऐकून होतो. गुरुवारी मी बॅग नेऊन ठेवली. कपडे, स्वेटर, मतदार ओळखपत्र, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, फोनचा चार्जर, सगळं तीत. 'रोजच्या वापरातली वस्तू पाहिजे, त्याशिवाय प्रस्थान लागत नाही,' असं नीलकंठनंच सांगितलं होतं. माझ्याजवळ राहिला तो मी आणि शिदोरीची पिशवी. शिदोरीचं खातं माझ्याकडे होतं: चौघांना पुरतील इतक्या दशम्या, तिळाची चटणी, चिवडा आणि मेतकुटाचा डबा.

शनिवारी राहूकाळ लागायच्या आत गाव सोडायचं ठरलं होतं. मी वेळेवर निघालो. हे मी देवाशपथ सांगतो. पण पुष्पाताईंनी दारात थांबवलं, हातावर दही घातलं, मग साखर सापडेना, मग साखर सापडली, मग त्यांनी पुन्हा दही घातलं. त्यांना स्वतःला नरसिंहपूरला बहिणीकडे जायचं होतं, तरी माझ्या घराची किल्ली त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली आणि "बेफिकीर जा" म्हणाल्या. ऑटोवाले एकामागून एक "खमरिया नहीं जाएँगे भैया, शिफ्ट का टाइम है" म्हणत निघून गेले. एकजण तयार झाला तर फॅक्टरीकडे जाणाऱ्या स्कूटर-मोटरसायकलींच्या लोंढ्यात आम्ही असे अडकलो, की मी उतरून पायी गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

पोचलो, तर ओटा रिकामा. नीलकंठच्या पत्नी शकुवहिनी रांगोळी झाडत होत्या. मला पाहून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"अगंबाई, भाऊजी! तुम्ही तर मघाशीच गेले न!"

"मी? मी कुठं गेलो?"

"तुमची बॅग गेली न. राहूकाळ लागून राहिला होता, थांबता येत नव्हतं. यायनं म्हटलं, प्रल्हादजीचं प्रस्थान झालं हाये, म्हणजे ते निघालेच. देह मागून येईन."

मी तिथंच ओट्यावर बसलो. मग फोन लावला. नीलकंठ अगदी आनंदात होता.

"काहून टेन्शन घेऊन राहिले, प्रल्हादजी? तुम्ही आमच्यासोबतच हाये. मागच्या सीटवर बसवलं तुम्हाले, बेल्टबी लावला."

"मी तुमच्या दारात उभा आहे!"

"आता पनागरच्या पुढं आलो न जी आम्ही. मागं फिरता येत नाही. फिरलं का चौघाईचं प्रस्थान मोडते."

मागून गौतमचा आवाज आला, "प्रल्हादजी, ट्रेन पकडा, गोरखपूरला भेटू! नाही भेटलो तर पुढं लुंबिनी, तानसेन, पोखरा!" आणि मग तिघंही कशावर तरी खो खो हसले. फोन बंद झाला. ते हसणं माझ्या कानात बसलं ते बसलंच.

घरी जावं म्हटलं तर किल्ली नरसिंहपूरच्या वाटेवर. आणि गेलो असतो तरी कॉलनीला काय सांगणार? की नेपाळला माझी बॅग गेली, मला नेलं नाही? मी स्टेशनवर गेलो.

ट्रेनचं वर्णन करत नाही. उभं राहून केलेल्या प्रवासात वर्णन करण्यासारखं काही दिसत नाही, समोरच्याची पाठ दिसते. गोरखपूरला पोचेपर्यंत फोनची बॅटरी संपली, आणि चार्जर मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलेला. स्टेशनबाहेर तिघांपैकी कोणी नव्हतं. नंबर पाठ होते ते दोनच. एक अर्चनाचा आणि दुसरा आमच्या घरच्या लँडलाइनचा, जो बंद होऊन वर्षं झाली.

सरहद्दीवर सगळे लोक गाईगुरांसारखे या बाजूनं त्या बाजूला चालले होते. कोणी कोणाला विचारत नव्हतं. मला मात्र थांबवलं, कारण मी स्वतःहून काउंटरपाशी जाऊन उभा राहिलो. न विचारता सरहद्द ओलांडणं माझ्या स्वभावात नाही. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "सामान?"

"सामान आगे गया है."

"किसके साथ?"

"दोस्तों के साथ."

"और आप?"

"मैं सामान के पीछे जा रहा हूँ."

त्यानं पेन खाली ठेवलं. ओळखपत्र म्हणून मी बँकेचं निवृत्त कर्मचाऱ्याचं कार्ड दाखवलं. त्यावरच्या फोटोत मला मिशी आहे आणि चेहऱ्यावर अधिकार आहे. आता दोन्ही नाहीत. मग पिशवी उघडली गेली. दशम्यांवर कोणाचा आक्षेप नव्हता. मेतकुटाच्या डब्याशी मात्र गाडं अडलं. पिवळी पूड, डब्यावर नाव नाही, आणि माणूस एकटा. मी समजावून सांगितलं, की हे डाळी भाजून करतात, भाताबरोबर तूप घालून खातात. "तो भात कहाँ है?" साहेबानं विचारलं. शेवटी त्याच्यासमोर मी चमचाभर मेतकूट तोंडात टाकलं आणि मला असा ठसका लागला, की दोन शिपाई पाणी घेऊन धावले. साहेबानं स्वतः चिमूटभर चाखलं, मान डोलावली आणि थोडं कागदात बांधून मागितलं. परदेशात माझा प्रवेश झाला तो असा, डोळ्यांतून पाणी गाळत.

लुंबिनीला लॉजवाल्यानं सांगितलं, "तीन जना? सुबह ही गए. बहुत हँसते थे." मला हे ऐकायचं नव्हतं. त्यानं चार्जर दिला, तो माझ्या फोनला बसेना. मग त्याच्या फोनवरून अर्चनाला लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग परत या ना! बॅग गेली तर गेली."

"बॅगेचा प्रश्न नाही गं."

"मग कशाचा आहे?"

लॉजवाला समोर उभा होता. मी म्हणालो, "रेंज नाही," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्या शांत, स्वच्छ बागेत मी दशमी खात बसलो. जगभरातले लोक मनःशांतीसाठी तिथं येतात. मला एवढी शांतता नको होती. जबलपूर सोडल्यापासून कोणी मला नावानं हाक मारली नव्हती. मग वाटलं, मदनमहालला तरी कोण मारतं? दूधवाला 'अंकल' म्हणतो, पुष्पाताई 'भाऊजी' म्हणतात. डोळे भरून आले आणि मी ते मेतकुटावर ढकलून मोकळा झालो.

तानसेनला डोंगर चढून जीप पोचली. बसस्टँडवरच्या चहावाल्या दीदीला मी तिघांबद्दल विचारलं, तर ती हसायलाच लागली. "वो बैगवाले? चार चाय मँगाते थे. तीन पीते थे, एक बैग के सामने रखते थे. मैंने पूछा, तो बोले, ये हमारा साथी है, इसको छोड़ के कैसे पिएँ."

आता बघा, सुशिक्षित माणसानं यावर खूश व्हायला हवं की नको? पण मी स्वतःच्या बॅगेवर जळायला लागलो. ती खिडकीशी बसून हिमालय बघत होती, मित्रांबरोबर हसत होती, तिला चहा मिळत होता. गाडी लागून ओकारी काढत नव्हती, घोरत नव्हती, राहूकाळात उशिरा येत नव्हती. मी असतो तर एवढी मजा आली असती का? माझ्यापेक्षा माझी बॅगच चांगला चौथा निघाली होती. पुढे जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीला मी शेवटच्या दशम्यांतली एक दिली. तिनं मला संत्रं दिलं. आम्हाला एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती उतरली तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

पोखऱ्याला तळ्याकाठच्या गल्ल्यांतून मी हिंडलो. लॉजच काय कमी आहेत! अंधार पडायला लागला, पाय बोलायला लागले. आणि एका फाटकात गाडी दिसली. एमपी वीस. नंबरप्लेटवर आपल्या जबलपूरची लाल माती तशीच चिकटलेली. मला त्या पाटीवरून हात फिरवावासा वाटला आणि मी फिरवलाही.

तळमजल्याच्या खिडकीतून ते दिसत होते. टेबल, पत्ते, तिघं तीन बाजूंना. चौथ्या खुर्चीवर माझी बॅग. तिच्यासमोर पानं वाटलेली, आणि तिची पानं नीलकंठ खेळत होता. गोरखपूरपासून मी एक भाषण घोकत आलो होतो, फार बोचरं. पण दाराशी हात जाईना. आत जाऊन काय करायचं? तिथं जागा कुठं होती?

गौतमनं पानं टेबलावर टाकली. "काही मजा नाही यार. ही बॅग हरली तरी रुसत नाही."

"सगळ्या बसा पाह्यल्या होत्या न तू?" नीलकंठनं विचारलं.

"अबे, काल पाहिल्या, आज पाहिल्या. नाही आला. फोन बंदच आहे."

भय्यासाहेब म्हणाले, "आपण थांबायला पाहिजे होतं."

"मले काय मालूम? प्रस्थान मोडलं असतं म्हणून..."

"खड्ड्यात गेलं तुझं प्रस्थान! गोळ्या त्याच्या या बॅगेत आहेत. तो प्रल्हाद्या कुठं उपाशी फिरत असेल, काही झालं असेल तर?"

"उपाशी तो नाही भय्यासाहेब, उपाशी आपण आहोत," गौतम म्हणाला. "डबे त्याच्याकडे आहेत." पण हसलं कोणीच नाही. नीलकंठनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

प्रल्हाद्या! भय्यासाहेबांच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती, आणि त्यात हे. मला हुंदका आला, तो दाबताना ठसका लागला, आणि तिघांनी एकदम खिडकीकडे पाहिलं.

"अबे प्रल्हाद्या!" नीलकंठ ओरडला. "कुठं मेला होतास बे!"

गळाभेट वगैरे झाली नाही. गौतम माझ्या हातातली पिशवी ओढून डबे उघडू लागला आणि ते रिकामे पाहून त्यानं मला अशी शिवी दिली, की इथं लिहिता येत नाही. मला ती फार गोड लागली. भाषणातला पहिला शब्दसुद्धा आठवेना. भय्यासाहेबांनी बॅग उचलून जमिनीवर ठेवली, खुर्ची झटकली आणि म्हणाले, "बस. उतारी तुझी." मी बसलो आणि पहिल्याच हाताला हुकमाचा एक्का वाया घालवला. तिघंही माझ्यावर असे खेकसले, की लॉजवाला धावत आला.

परतताना मी मागच्या सीटवर खिडकीशी होतो. नेपाळ फार सुंदर देश आहे म्हणतात. आम्ही बहुतेक वेळ भांडत होतो.

खमरियाला पोचल्यावर नीलकंठनं बॅगा उतरवल्या. म्हणाला, प्रस्थान जिथं ठेवलं तिथंच ते उतरलं पाहिजे. गौतम आणि भय्यासाहेब आपापल्या बॅगा घेऊन गेले. माझी राहिली. मी घरी आलो, पुष्पाताईंकडून किल्ली घेतली, त्यांचा रुद्राक्ष विसरल्याचं ऐकून घेतलं, दूध सुरू केलं, पेपर सुरू केला. घरात घड्याळ तेवढं चालू होतं.

अर्चना फोनवर विचारते, "बॅग आणली का हो?"

"उद्या आणतो," मी म्हणतो.

लागेल ते मी हळूहळू पिशवीतून आणलं. मतदार ओळखपत्र, चार्जर, गोळ्या. बॅग मात्र ओट्यालगतच्या खोलीतच आहे, दोन स्वेटर पोटात घेऊन. शकुवहिनी आपल्या घरातल्या वस्तूंबरोबर ती पुसतात. डाव संपला की मी चपला घालतो. नीलकंठ एकदा बॅगेकडे पाहतो, एकदा माझ्याकडे.

"घेऊन जातोस का बे?"

"राहू दे," मी म्हणतो. "ऑटोत जागा नसते."

"हो न," तो म्हणतो. "राहू दे मग."

ऑटोत मागच्या सीटवर मी एकटाच असतो.